पालीनं धरलं होतं

तामलवाडी
१८ फेब्रुवारी १९७३

सौ. सुमनवहिनीस, सप्रेम जयभीम.

तू सास्तूरला गेलीस त्याला महिना होत आला आणि तुझं साधं एक कार्ड नाही. मी रागावलेले नाही. रागवायला अंगात जोर लागतो आणि माझा सगळा जोर टँकरची वाट बघण्यात जातो. नात्यानं तू मोठी असलीस तरी वयानं लहान, म्हणून लग्नापासून तुला अगंतुगं करत आले, तेच चालू ठेवते. राग मानू नकोस.

इथलं विचारशील तर आई बरी आहे, म्हणजे भांडते आहे. दादा पाझर तलावाच्या कामावर जातो. गवंड्याच्या हातात खोरं दिलंय त्याच्या, कारण बांधकाम कुठंच नाही. पाणीच नाही तर बांधणार काय. संध्याकाळी येतो, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी मोडतो, भिंतीकडं तोंड करून पडतो. मी विचारलं तर हूं म्हणतो, आईनं विचारलं तर तेही नाही. शाळेत माझ्या वर्गातली निम्मी पोरं खडी फोडायला गेलीत. उरलेली दुपारच्या सुकडीसाठी येतात आणि सुकडी खाऊन वर्गात डुलक्या घेतात. मी शिकवत राहते.

आता मुद्द्याचं. तुझे पिराजीदादा माहेराहून तुला न्यायला आले तेव्हा मी शाळेत होते. घरी येऊन बघते तर तुझी ट्रंक नाही. आईला विचारलं, "का धाडलंस?" ती म्हणाली, "म्या न्हाय धाडलं. तीच म्हनली, माझ्या पायानं या घरात पुन्हा काय व्हायला नको. मग म्या काय तिला बांधून ठिवू?"

खरं का हे, वहिनी? मला वाटलं होतं आईनं बोलून बोलून तुला घालवलं. तसं असतं तर मी तिच्याशी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तू स्वतःच असं म्हणून गेलीस तर मी कुणाशी भांडू?

तू जात्यावर बसली होतीस. पाल डोक्यावर पडली. पाचवा महिना होता, आणि त्याच आठवड्यात पोर गेलं. आई म्हणाली, "पाल पडली तवाच मला कळलं व्हतं." हे एकच वाक्य ती बोलली, ते मीही ऐकलं. पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हिच्या अंगात रक्तच नाही, ते कुणाला आठवत नाही. भर उन्हात डोक्यावर खडीच्या पाट्या वाहिल्यास, त्याचंही कुणी नाव घेत नाही. नाव निघतं ते पालीचं.

छप्पन साली आईनं घरातले सगळे देव आपल्या हातानं पाण्यात सोडले. मी नऊ वर्षांची होते, तिच्या लुगड्याला धरून काठावर उभी होते. खंडोबा गेला, मरीआई गेली. पाल तेवढी भिंतीवर राहिली. अजून पाल चुकचुकली की आईची बोटं जमिनीवर वाजतात. तोंडानं पूर्वीसारखं काही म्हणत नाही, बोटं मात्र वाजतात.

उत्तर पाठव. दोन ओळी पुरेत.

तुझी
तारा


तामलवाडी
११ मार्च १९७३

सुमनवहिनी, जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी आहेत, त्यातली एक पावसापाण्याची. उरलेल्या तीन मी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. "ताराताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला हे पटणार नाही. पाल डोक्यावर पडल्यावर डोक्यावरून न्हावं लागतं. मी न्हाले नाही."

हे मला माहीत नव्हतं. मी आईला विचारलं. ती कोंडा पाखडत होती, सूप थांबलं नाही. म्हणाली, "त्या दिशी टँकर आला न्हवता. रांजनात प्यायपुरतं पानी व्हतं. म्या म्हनलं, उद्या टँकर आला की न्हा. टँकर चौथ्या दिशी आला." मग सूप ठेवून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तर वहिनी, ते वाक्य ती तुला बोलली की स्वतःला, हे आता मला नक्की सांगता येत नाही.

न्हाल्यानं काय झालं असतं ते मी सांगत बसत नाही. तू म्हणशील, बघा, लागली शिकवायला. पण पाल का पडली हे तरी शोधू दे. मी शाळेत शास्त्र शिकवते आणि माझ्या घरातली माणसं पालीमुळं घर सोडून जातात. मला लाज वाटते आणि कंटाळाही येतो.

तू गेल्यापासून पुढच्या खोलीत आणखी पाली पडल्या. एक तर आमटीत पडली, ती आमटी टाकून दिली आणि दादा उपाशी कामावर गेला. मी लक्ष ठेवलं. पाली पडतात त्या पुढच्या खोलीत. न्हाणीत एकही पडत नाही. पाली तिथंही आहेत, पुष्कळ आहेत, पण घट्ट बसलेल्या असतात. न्हाणीतल्या पालीला काय वेगळे पाय असतात?

न्हाणीत रांजणाच्या बुडाशी आपला तो बेडूक आहे बघ, तुला भीती वाटायची तो. रांजणाच्या ओल्या अंगाला उभाच्या उभा चिकटून बसतो. त्याच्या बोटांना ओलीचा पातळ पापुद्रा असतो, त्याच्यावर तो धरून राहतो. तू ओल्या पाटावर ताट ठेवलंस आणि उचलायला गेलीस की पाटही वर येतो, तसंच हे. पाण्याचा एक कण म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला धरलेले दोन हायड्रोजन. हे हायड्रोजन आपल्या घरच्या ऑक्सिजनला बांधलेले असतात, पण त्यांची ओढ शेजारच्या कणातल्या ऑक्सिजनकडंही असते. तिला पुस्तकात हायड्रोजन बंध म्हणतात. बंध लेचापेचाच. सुटतो आणि परत धरतो. एकट्यानं काही होत नाही, पण एका थेंबात असे मोजण्यापलीकडचे बंध असतात, म्हणून पाणी पाण्याला धरतं, आणि मातीला, काचेला, बेडकाच्या बोटालाही धरतं. पाणी फार झालं तर बेडूक घसरतो. अजिबात नसलं तरी पडतो. थोडीशी ओल लागते.

परवा रांजण आटला तेव्हा तो बेडूक खाली मातीत बसला होता. चढायचा प्रयत्न करत होता आणि घसरत होता. आई बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यालाबी रांगंत उभं करावं लागतंय आता." बऱ्याच दिवसांनी मी हसले.

पालीचं मात्र मला अजून कळलेलं नाही. पालीचे पाय कोरडे असतात. शोधते.

तारा


तामलवाडी
१५ एप्रिल १९७३

सुमनवहिनी, जयभीम.

काल जयंती झाली. मिरवणूक निघाली, पण पाणपोई नव्हती, म्हणून लवकर आटोपली. दादा झेंडा धरून सगळ्यात पुढं होता. शेजारच्या धुरपदाबाई तुझी चौकशी करत होत्या. मी म्हटलं, येईल. आई शेजारी उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

आता पालीचं ऐक. मी शाळेत प्रयोग केला. कपाटाची जुनी काच उभी केली, एक पाल डब्यात धरून आणली आणि काचेवर सोडली. चिकटून बसली. मग तिला डब्यात ठेवलं, काचेला चुन्याची भुकटी चोळली आणि परत सोडली. दोन पावलं चालली आणि घसरून खाली आली. पोरं खूश झाली. तिसऱ्या वेळी ती घसरली आणि पळाली ती थेट दारातून आत येणाऱ्या हेडमास्तरांच्या खांद्यावर. हेडमास्तर बी.ए.बी.एड. आहेत. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी गेले आणि प्यायच्या पाण्यातल्या दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. त्यांच्या बायकोनं त्यांना काय म्हटलं ते सगळ्या आळीनं ऐकलं. मला मेमो मिळाला. शाळेत यापुढं पाल आणायची नाही.

औरंगाबादच्या आमच्या कॉलेजातल्या सरांनाही मी लिहिलं होतं. त्यांचं कार्ड आलं. ते लिहितात की पालीचा पाय नेमका कशानं धरतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तळव्यावर अतिशय बारीक केस असतात, ते भिंतीच्या फार जवळ जातात, आणि इतक्या जवळ गेलं की कणाकणांत अशाच बारीक ओढी लागत असाव्यात. हवेतली, भिंतीवरची न दिसणारी ओलही त्यात थोडा हात देत असेल. त्यांनी 'असावं' हा शब्द तीनदा लिहिलाय, म्हणून मला ते खरे वाटतात.

पण भुकटीचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घसरलेल्या पालीचे पाय मी भिंगातून बघितले. बोटं पांढरी होती. म्हणजे वहिनी, पालीनं धरलं होतं. तिनं जे धरलं ते चुन्याचे सुटे कण होते, आणि त्या कणांना भिंतीनं धरलेलं नव्हतं. आपल्या पुढच्या खोलीच्या भिंतीला नुसता खांदा लागला की कपडे पांढरे होतात, तू रोज ओरडायचीस. चुन्याचा गिलावा पंधरा दिवस ओला ठेवावा लागतो, मग तो हळूहळू दगडासारखा होतो. आधीच वाळला की त्याची भुकटी राहते. आपल्या गृहनिर्माण सोसायटीची ही घरं गेल्या दुष्काळी हंगामात झाली, भिंतींवर पाणी मारायला पाणी कुठून आणणार? न्हाणीच्या भिंतीवर हातपाय धुताना, भांडी विसळताना रोज चार थेंब तरी उडतात, म्हणून तेवढी भिंत पक्की झाली.

तुला आठवतंय का ते सांग. पाल पडल्यावर तू न्हाली नाहीस. तुझ्या केसांत कपाळापासून मागंपर्यंत पांढरं होतं, मी फणीनं काढून दिलं. मी तेव्हा म्हटलं, पीठ असेल जात्याचं. पण तू तर अजून दाणे घातलेच नव्हतेस जात्यात. तो चुना होता. भिंत तुझ्या डोक्यावर पडली, पाल तिच्याबरोबर आली.

पोर कशानं गेलं ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचं सांगितलं, तेवढंच मला माहीत. पण पालीनं गेलं नाही, एवढं मी तुला लिहून देते.

ये आता. मी एकटी थकते गं.

तारा


तामलवाडी
६ मे १९७३

सुमनवहिनी, जयभीम.

तुझं पत्र. एकच ओळ. "भिंतीचा दोष असेल तर भिंत कुणी केली तेही लिहा."

तू सातवी शिकलीस आणि मी बी.एस्सी. झाले, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. की सुचला होता आणि मी बाजूला सारला होता, कोण जाणे. भिंत दादानं केली. आपलीच नाही, ह्या सगळ्या ओळीतल्या घरांचा गिलावा त्याच्या हातचा आहे.

मी तुझं पत्र त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं वाचून त्याची घडी घातली. मी उठले नाही. आईही चुलीपुढून उठली नाही. मग तो बोलला. एवढं सलग मी त्याला पूर्वी कधी बोलताना ऐकलं नव्हतं, म्हणून त्याच्याच शब्दांत लिहिते.

"मला त्याच दिशी कळलं व्हतं. तिच्या डोक्यात चुना बघितला तवाच. सोसायटीच्या लोकांना म्या सांगितलं व्हतं की पानी मारल्याबिगर गिलावा धरनार न्हाय. ते म्हनले, धम्मचक्र दिनाला घरं ताब्यात द्यायचीत, तू नुसता हात फिरव. म्या फिरवला. आता भिंतीचं नाव निघालं तर समदी आळी म्हननार, श्रीपतीनं आमाला बिगरपान्याची घरं दिली. नाव पालीवर गेलं ते मला बरं वाटलं. म्हनून बोललो न्हाय."

"आणि ती?" मी म्हटलं. "ती स्वतःला पांढऱ्या पायाची समजून माहेरी बसली, तेही बरं वाटलं?"

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. मोठ्या भावाला असं बोलू नये, पण बोलले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तो मला शिकवायला औरंगाबादला पैसे पाठवत होता, स्वतः परक्याच्या भिंती बांधत होता, हे मला माहीत आहे. तरी वाईट वाटत नाही. आई एवढंच म्हणाली, "म्या त्या पोरीला न्हाऊ दिलं न्हाय, आन् तू बोलला न्हाईस. आपुन दोगं सारखेच."

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेला नाही. दार सताड उघडं ठेवलं आणि पुढच्या खोलीचा गिलावा खरवडायला लागला. लोक विचारत आले. प्रत्येकाला सांगत होता, "धरला न्हाय. माझी चूक हाय. तुमचाबी धरला नसंल, बघून घ्या." टँकरचं पाणी वाटणारे हिंमतराव म्हणाले, "अरे, आता कुठं हे काढतोस दुष्काळात?" धुरपदाबाईंनी कडू तोंड केलं. त्यांच्या पोराला खोकला आहे आणि त्या म्हणाल्या, पोर रात्रंदिवस हीच भुकटी खातंय. दादानं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि परत खरवडायला लागला. संध्याकाळी तो सगळा पांढरा झाला होता, भुवयांसकट. डोळे तेवढे लाल. न्हायला पाणी नव्हतं, कोरड्या फडक्यानं पुसून तसाच झोपला.

आता पुढच्या खोलीला नुसत्या विटा आहेत. पाली विटांच्या फटींत जाऊन बसल्या.

हे सगळं वाचून तू यावंस असं मी म्हणत नाही. त्याच्यावर रागाव. पालीवर रागावण्यापेक्षा माणसावर रागावलेलं बरं, माणूस निदान ऐकतो.

तारा


तामलवाडी
३ जून १९७३

सुमनवहिनी, जयभीम.

हे पत्र पोस्टानं येणार नाही. दादा घेऊन येतोय. उंबऱ्याबाहेर उभा राहील आणि काही बोलणार नाही, तेव्हा आधी हे वाच. त्याची बोटं बघ. चुन्यानं खाल्लीत. त्यानं नवा गिलावा केला. सोसायटीच्या हौदात चुना शिल्लक होता, तो त्यानं दोन दिवस पायानं तुडवला.

गिलावा झाला, पण त्याला पाजायला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न होताच. मी म्हटलं, पावसाळ्यापर्यंत थांबा. आई म्हणाली, "तवर पुन्हा वाळून भुकटी हुईल." मग मला जे माहीत नव्हतं ते मी टँकरच्या रांगेत पाहिलं.

टँकरचं पाणी माणशी एक घागर मिळतं. वाटपाला हिंमतराव उभे असतात. आईची पाळी आली. हिंमतराव म्हणाले, "तीन." आई म्हणाली, "चार." ते म्हणाले, "मालनबाई, सून तर म्हायेरी गेलीय न्हवं?" आई म्हणाली, "म्हायेरी गेलीय, मेली न्हाय. चार." मागच्या बायका कुरकुरल्या. आई जागची हलली नाही. नंतर कळलं की तू गेलीस त्या आठवड्यापासून ती असंच चार घागरी घेत होती. तुझी एक घागर ती रांजणात न ओतता वेगळी ठेवायची आणि संध्याकाळी शेजारणींच्या तान्ह्या पोरांना वाटून टाकायची. तुझं नाव रांगेतून जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिला हवं होतं. मला तिनं सांगितलं नाही. मीही कधी घागरी मोजल्या नाहीत, मी वह्या तपासत बसलेली असायचे.

गिलावा झाल्यापासून तुझी घागर भिंतीला जात होती. आईनं भिंतीवर गोणपाटं टांगली आणि सकाळ-संध्याकाळ ती तुझ्या पाण्यानं भिजवली. हातानं शिंपडायची, थेंब वाया जाऊ द्यायची नाही. मे महिन्याचं ऊन, पत्र्याची खोली, गोणपाटं तासाभरात कडक व्हायची. ही परत उठायची. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. मी म्हटलं, मी करते, तर म्हणाली, "तू शाळंतली. तू पालीचं बघ." वीस दिवस तिनं हे केलं.

परवा गोणपाटं काढली. दादानं तळहात भिंतीवर दाबून फिरवला आणि मला दाखवला. हाताला काही लागलं नव्हतं. आईनंही आपला पदर भिंतीला घासून बघितला. काल दिवेलागणीला एक पाल वरून उतरली, जात्याच्या बरोब्बर वर येऊन थांबली. आई खालीच बसली होती. आईची बोटं जमिनीकडं गेली आणि मग तिनं ती आवरून मांडीवर ठेवली. पाल बराच वेळ तिथं बसली, मग भिंतीवरच्या फोटोच्या मागं गेली.

आज पत्र लिहायला बसले तेव्हा आईला विचारलं, तुझं काय लिहू? म्हणाली, "मला काय लिवायचं न्हाय." थोड्या वेळानं आली आणि म्हणाली, "लिव्ह." जसं बोलली तसं लिहिते.

"सुमन, म्या तुला चार दिस न्हाऊ दिलं न्हाय. पालीचं खरं का खोटं मला अजून ठावं न्हाय, तारी म्हनती खोटं. पर तू न्हायला पानी मागितलंस आन् म्या न्हाय म्हनलं, हे खरं हाय. भिंतीला आता पानी लागत न्हाय. तुझी घागर तुझी हाय. मला येवढंच सांगायचं व्हतं."

मग उठून गेली.

घागर न्हाणीत आहे, वर ताट झाकलंय. काल मला भांडी विसळायला तांब्याभर हवं होतं, तर तिनं माझ्या हातावर मारलं. संध्याकाळपर्यंत तू आली नाहीस की ते पाणी ती रांजणात ओतते, आणि टँकर आला की परत "चार" म्हणून रांगेत उभी राहते. पाणी शिळं नको म्हणते. आज सकाळीही ताजं भरून ठेवलंय.

तुझी
तारा